पर्यायी शिक्षण केंद्रं आणि शिक्षकांचं स्वातंत्र्य: निवडणुकीच्या तोंडावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रचार सुरू झाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, ‘शाळाबाह्य मुलांसाठी आम्ही पर्यायी शिक्षण केंद्रं सुरू करू’ आणि दुसरं, ‘शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मुक्त करू’. लोक विचारतात याचा नक्की अर्थ काय, हे आधी झालंय का, आणि आपण उमेदवाराला काय विचारायचं. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सगळं महाराष्ट्राच्या संदर्भात आहे.

पर्यायी शिक्षण केंद्र म्हणजे काय? शाळाच ना ती?

नाही, कायद्याच्या भाषेत शाळा नाही. जिथे नेहमीची शाळा पोचत नाही किंवा पोरंच नेहमीच्या शाळेत टिकू शकत नाहीत तिथे चालवलेला वर्ग, म्हणजे ऊसतोडीच्या फडाजवळ, वीटभट्टीवर, बांधकामाच्या साइटवर, डोंगरातल्या पाड्यावर, शहरात पुलाखाली राहणाऱ्या कुटुंबांसाठी. वेळ वेगळी असू शकते, वर्ग एकत्र असतात, शिकवणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्थानिक आणि मानधनावर असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी सामाजिक संस्थांच्या मदतीने अशी पर्यायी आणि अभिनव केंद्रं काढायची असं लिहिलेलं आहे, त्यामुळे आता कुठल्याही पक्षाला हे आश्वासन द्यायला सोपं झालंय, धोरणातलं वाक्य उचललं की काम झालं.

हे नवीन आहे का?

अजिबात नाही, आणि हीच गोष्ट मतदारांना सगळ्यात आधी माहीत असायला पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं, तिथे आदिवासी पोरं गुरं चारायला जायची म्हणून त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली, म्हणजे पोरं जिथे आहेत तिथेच शिकवायचं. मग १९८६ च्या शैक्षणिक धोरणात अनौपचारिक शिक्षण आलं, रात्रीचे वर्ग, कंदिलाखाली, आमच्या वडिलांच्या वयाच्या लोकांना ते चांगलं आठवतं.

त्यानंतर मध्य प्रदेशात १९९७ ला शिक्षण हमी योजना आली. गावाने मागणी करायची आणि ९० दिवसांत सरकारने वर्ग सुरू करायचा, आदिवासी भागात २५ मुलं असली तरी चालेल, बाकी ठिकाणी ४०. राजकीय आश्वासन म्हणून हे मला आजही सगळ्यात चांगलं वाटतं कारण त्यात दिवस आणि आकडा दोन्ही ठरलेले होते, नागरिकाला मोजता येत होतं. आपल्याकडे वस्तीशाळा आल्या, महात्मा फुले शिक्षण हमी केंद्रं आली, साखर कारखान्यांच्या आवारात साखरशाळा आल्या, आणि वसई भागात वीटभट्टीवरच्या पोरांसाठी भोंगाशाळा आल्या. म्हणजे गेल्या ८० वर्षांत हे दर पिढीत एकदा नव्याने झालेलं आहे.

मग त्या केंद्रांचं पुढे काय झालं?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्यात ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला नियमित मान्यताप्राप्त शाळेत शिकण्याचा हक्क मिळाला आणि मान्यता नसताना शाळा चालवणाऱ्याला १ लाखापर्यंत दंड, तरीही चालू ठेवली तर दिवसाला १० हजार. हेतू चांगलाच होता, गरिबाच्या पोराला दुय्यम वर्ग नको, सगळ्यांसारखीच शाळा पाहिजे. मी याच्या पूर्ण बाजूने आहे. पण झालं काय तर साखरशाळा बंद झाल्या आणि ती पोरं काही नियमित शाळेत आपोआप गेली नाहीत, ती फडातच राहिली. पहाटे चारला आईबाप मोळ्या बांधायला निघतात, सात-आठ वर्षांची पोरगी कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळत बसते, आणि कारखान्याजवळच्या गावातल्या झेडपीच्या शाळेत तिचं नाव नसतं कारण नाव तिच्या मूळ गावच्या हजेरीपटावर आहे. तिकडच्या पटावर ती दिसते, इकडच्या वर्गात ती नसते.

म्हणून कोणी ‘केंद्र काढू’ म्हटलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो की पोरीचं नाव कोणत्या पटावर राहणार.

वस्तीशाळेच्या शिक्षकांना काय मिळालं?

हे सविस्तर सांगतो कारण पर्यायी केंद्र आणि शिक्षकाचं स्वातंत्र्य हे दोन वेगळे विषय नाहीत हे इथेच कळतं.

वस्तीशाळा साधारण २००० च्या सुमारास सुरू झाल्या. गावातलाच बारावी किंवा डीएड झालेला मुलगा किंवा मुलगी, महिन्याला अगदी किरकोळ मानधन, वर्ग कुठे तर मंदिरात, समाजमंदिरात, कोणाच्या तरी पडवीत, फळा स्वतः आणायचा. आणि तरीही या लोकांनी शाळा उभ्या केल्या, वस्तीवरच्या घराघरात जाऊन पोरं गोळा केली, त्यांची बोली या शिक्षकांना येत होती त्यामुळे पहिलीतलं पोर बाईंना घाबरायचं नाही. कायदा आल्यावर वस्तीशाळांचं रूपांतर नियमित प्राथमिक शाळांमध्ये झालं, पण शिक्षक मात्र लटकले. मोर्चे काढले, उपोषणं केली, अधिवेशनाच्या काळात आझाद मैदान गाठलं, आणि २०१४ मध्ये ते सेवेत कायम झाले. म्हणजे उमेदीची दहा-बारा वर्षं मानधनावर गेली.

ज्या शिक्षकाची नोकरी दरवर्षी कोणाच्या तरी सहीवर अवलंबून आहे त्याला वर्गात कसलं स्वातंत्र्य असणार? सरपंचाने सभेला पोरं आणा म्हटलं की तो नाही म्हणू शकत नाही, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला लेझीम बसवा म्हटलं तर बसवावीच लागते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सध्या काय आहे?

तीन गोष्टी आहेत. हंगामी वसतिगृह, म्हणजे आईबाप ऑक्टोबर-नोव्हेंबरला गेले की पोरं गावातच आजी-आजोबांकडे राहतात आणि त्यांच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. दुसरं, शिक्षण हमी पत्रक, स्थलांतर करणाऱ्या मुलाला मूळ शाळेने द्यायचं कार्ड, ते दाखवलं की नव्या गावच्या शाळेने त्याला वर्गात घ्यायचं आणि परत आल्यावर मूळ शाळेने सामावून घ्यायचं. तिसरं, संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना, २०२१ मध्ये जाहीर झाली, ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं.

कागदावर हे तिन्ही उत्तम आहे. अडचण अशी की मुकादमाची टोळी शाळेला विचारून निघत नाही, रात्रीतून ट्रॅक्टर भरतो आणि सकाळी वर्गात निम्मी पोरं नसतात, मग हमी पत्रक द्यायचं कोणाला. हंगामी वसतिगृहाची मंजुरी टोळ्या निघायच्या आधी हातात पडली नाही तर आई पोराला मागे ठेवत नाही, तिचं बरोबरच आहे, कोणाच्या भरवशावर ठेवणार. मुलगी मोठी झाली असेल तर तिला मागे ठेवायची आईला भीती वाटते म्हणून काही ठिकाणी तिचं लग्नच लावून दिलं जातं. त्यामुळे वसतिगृहाचं आश्वासन देणाऱ्याला विचारायचं ते एवढंच, दसऱ्याच्या आधी सुरू होणार का?

शिक्षकांना अशैक्षणिक कामातून मुक्त करू असं म्हणतात. ते तर कायद्यात आधीच आहे ना?

हो, आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७. त्यानुसार फक्त तीन कामं देता येतात: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीच्या वेळची मदत आणि निवडणुकीची कामं. बाकी कशासाठीही शिक्षकाला जुंपता येत नाही. २०२० च्या धोरणातही परत तेच आहे. राज्य सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये जीआर काढून कोणती कामं शैक्षणिक आणि कोणती अशैक्षणिक याची वर्गवारीही केली. म्हणजे आश्वासन देणारा जे देतोय ते कायद्याने १ एप्रिल २०१० लाच दिलेलं आहे, फक्त अंमलबजावणी बाकी आहे.

आता दोनशिक्षकी शाळेतला एक दिवस बघा. सकाळी तांदळाचं पोतं उघडून पोषण आहाराचं वजन, मग ऑनलाइन नोंद, रेंज नसली तर पोरांना पाढे लिहायला सांगून सर मोबाईल घेऊन टाकीजवळ उभे. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची माहिती, आधारमधलं नाव आणि पटावरचं नाव जुळत नाही म्हणून दुरुस्ती, चाचणीचे गुण पोर्टलवर भरणं, तेवढ्यात केंद्रशाळेवरून (आसपासच्या शाळांची माहिती गोळा करणारी शाळा) व्हॉट्सॲपवर मेसेज येतो की ही माहिती आजच्या आज, दुपारी दोनपर्यंत. दुसऱ्या बाई बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम दिलेल्या आहेत, त्या मतदार यादी घेऊन वस्तीवर गेल्यात. चार वर्ग, एक माणूस, आणि तोही टाकीजवळ. यातलं निम्मं काम नव्या वर्गवारीत ‘शैक्षणिक’ म्हणूनच बसतं हे लक्षात घ्या, म्हणून नुसतं ‘अशैक्षणिक कामं बंद’ म्हणणाऱ्याला विचारा की पोर्टलची कामं कोण करणार, केंद्रशाळेवर एक डेटा ऑपरेटर देणार का. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही घोषणा शिक्षकांनी उगीच दिलेली नाही.

शिक्षक निवडणुकीचं काम नाकारू शकतात का?

नाही, आदेश आला तर करावं लागतं, नाहीतर कारवाई होऊ शकते. पण सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २००७ च्या निकालात निवडणूक आयोगाला सांगितलंय की शिक्षकांना यादीची वगैरे कामं सुट्टीच्या दिवशी आणि बिनअध्यापनाच्या वेळेत द्यावीत, शिकवण्याच्या दिवशी आणि वेळेत सहसा देऊ नयेत. शाळा व्यवस्थापन समितीने या निकालाचा उल्लेख करून तहसीलदारांना पत्र द्यावं. शिक्षकाने एकट्याने भांडण्यापेक्षा पालकांनी लिहिलेलं पत्र जास्त कामाचं ठरतं.

स्वातंत्र्य म्हणजे शिक्षक मनाला येईल ते शिकवणार का?

नाही. अभ्यासक्रम राज्य ठरवतं आणि तो वेळेत पूर्ण करणं, प्रत्येक मुलाला किती येतंय ते बघून जादा मदत करणं, पालकांशी नियमित बोलणं ही शिक्षकाची कर्तव्यं कायद्यातच लिहिलेली आहेत. स्वातंत्र्य आहे ते कसं शिकवायचं याचं. कोणता धडा आधी घ्यायचा, पोर पावरी किंवा कोरकू अशी आदिवासी भाषा बोलत असेल तर पहिले सहा महिने त्याच्या भाषेतून सुरुवात करायची की नाही, चिंचोक्यांनी बेरीज शिकवायची का बाजाराच्या हिशोबाने, हे शिक्षकाने ठरवायचं.

हे महाराष्ट्रात जमलेलं आहे. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन उभं केलं. तुम्ही म्हणाल या खासगी प्रयोगशील शाळा, तर साताऱ्याचं कुमठे बीट (एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) घ्या, साध्या झेडपीच्या शाळा, जमिनीवर आखलेले संख्यांचे तक्ते, खडे, काड्या, गटात बसलेली पोरं, आणि राज्यभरातून शिक्षक गाड्या करून ते बघायला गेले. त्यावेळी कोणी आदेश काढून त्या शाळा तशा केल्या नव्हत्या, आधी विस्तार अधिकारी आणि शिक्षकांनी मिळून करून बघितलं. नंतर तेच राज्यभर आदेशाने करायला सांगितलं तेव्हा काही ठिकाणी फक्त फरशा रंगल्या. तक्ता आदेशाने येतो, तो वापरायची इच्छा तशी येत नाही.

पण मोकळीक दिली तर काही शिक्षक कामच करणार नाहीत, मग?

काही जण टाळतील, आत्ताही टाळतात, आणि त्यांना दहा पोर्टलांनी पकडलेलं नाही, उलट त्यांची ऑनलाइन माहिती सगळ्यात वेळेवर असते. पोर वाचतंय की नाही हे बघायला पालकाने वर्गात बसून पान वाचायला सांगितलं तरी पाच मिनिटांत कळतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात ते त्यासाठीच. जबाबदारी मागायची तर ती पोराच्या वाचनाची मागा.

केंद्रं उघडायच्या नावाखाली छोट्या शाळा बंद करतील अशी भीती आहे. खरं आहे का?

भीती रास्त आहे. २० पेक्षा कमी पटाच्या शाळांवर बरीच वर्षं टांगती तलवार आहे, २०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे छोट्या शाळांतली पोरं एका मोठ्या शाळेत आणण्याचा विषय आला, पुण्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं दिली गेली. बस देऊ, मोठी इमारत देऊ असं सांगतात. पण पावसाळ्यात ओढा भरून वाहतो तेव्हा सहा वर्षांचं पोर बसपर्यंत कसं जाणार, आणि सगळ्यात आधी शाळा सुटते ती मुलीची. नियमित शाळा उचलून तिच्या जागी मानधनावरचं केंद्र देणार असेल तर विरोधच केला पाहिजे. केंद्र हे शाळा नाही तिथे, आणि शाळेपर्यंत पोचवण्यासाठी पाहिजे, शाळेच्या बदली नाही.

संस्थेला चालवायला दिलं तर चालेल का?

चालेल, साखरशाळा आणि भोंगाशाळा संस्थांनीच चालवल्या, सरकारच्या आधी त्याच पोचल्या होत्या. फक्त पोराचं नाव सरकारी शाळेच्या पटावर असावं आणि शिक्षकाचं मानधन प्रकल्प संपला म्हणून मार्चमध्ये बंद पडू नये.

शिक्षकांचे आमदार असतात ना, ते हे का सोडवत नाहीत?

विधान परिषदेच्या ७८ पैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघाच्या आहेत. पण राज्यघटनेच्या कलम १७१ नुसार माध्यमिकपेक्षा खालच्या नसलेल्या संस्थांतले शिक्षकच तिथे मतदार असतात. म्हणजे झेडपीच्या पहिली ते पाचवीच्या गुरुजींना आणि केंद्रावरच्या स्वयंसेविकेला तिथे मतच नाही! ज्यांच्याबद्दल ही सगळी आश्वासनं आहेत त्यांचं म्हणणं मांडायला तो मार्ग नाही, त्यामुळे झेडपी आणि विधानसभेच्या उमेदवारालाच धरलं पाहिजे.

जाहीरनाम्यातलं आश्वासन पाळलं नाही तर कोर्टात जाता येतं का?

जाहीरनाम्यावर नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत एवढं घातलं की आश्वासनामागचं कारण आणि त्यासाठी पैसा साधारण कुठून आणणार हे पक्षांनी सांगावं. पण कलम २७ मोडलं, किंवा पोराला प्रवेश नाकारला, तर तो कायद्याचा भंग आहे आणि तिथे नक्की दाद मागता येते. म्हणून जे कायद्यात आहे ते आश्वासन म्हणून स्वीकारू नका, ते आपल्या हक्काचं आहे.

पैसा कुठून येणार?

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा म्हणून सांगितलं, २०२० च्या धोरणातही ६ टक्केच लिहिलंय, आणि आपण अजून तिथे पोचलेलो नाही. १८८२ ला जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढच्या निवेदनात बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि शिक्षकांना नीट पगार द्या असं मागितलं होतं. इथे २००० ला शिक्षणसेवक योजना आली, म्हणजे नव्या शिक्षकाला सुरुवातीची वर्षं ठरलेलं मानधन, तेव्हा प्राथमिकला महिना ३ हजार, मग ६ हजार, आणि २०२३ पासून १६ हजार. पर्यायी केंद्राचं आश्वासन देणाऱ्याने शिकवणाऱ्याचं मानधन किती ते भाषणातच सांगावं.

उमेदवार दारात आला तर नेमकं काय विचारू?

वर बरंचसं आलंच आहे, पण एका दमात विचारायचं तर असं: आपल्या गटात किती पोरं शाळाबाह्य आहेत, त्यांची नावं कोणाकडे आहेत, केंद्र कोणत्या महिन्यात सुरू होणार, शिकवणाऱ्याला किती आणि किती महिने मिळणार, वर्षाअखेर पोर कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेत बसणार, आणि दोनशिक्षकी शाळेतला बीएलओ बदलून दुसऱ्या खात्याचा माणूस द्यायला तुम्ही तहसीलदारांशी बोलणार का. शेवटचा प्रश्न जरूर विचारा, कारण त्याला बजेट लागत नाही.

वय वाढलंय, चौदाच्या पुढे गेलंय, त्या मुलांचं काय?

राज्यात मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्यात पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या परीक्षा देता येतात. दहावी-बारावीला खासगीरीत्या बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म आहेच. फक्त फॉर्म भरून देणारं आणि संध्याकाळी दोन तास शिकवणारं कोणीतरी लागतं, आणि पर्यायी केंद्राचा खरा उपयोग मोठ्या मुलामुलींसाठी इथे होऊ शकतो, त्याबद्दल प्रचारात कोणी बोलत नाही.

आमच्या वस्तीत आत्ता एक पोर घरी बसलंय. निवडणुकीपर्यंत थांबायचं का?

एक दिवसही थांबू नका. जवळच्या सरकारी शाळेत घेऊन जा. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, जन्माचा दाखला नाही म्हणूनही नाही, आणि जूनमध्ये आला नाही, वर्ष अर्धं संपलं म्हणूनही नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांना प्रवेश मिळवून देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, म्हणजे गावात झेडपीची आणि शहरात नगरपालिका-महापालिकेची. मुख्याध्यापक नाही म्हणाले तर वाद घालत बसू नका, नकार लेखी मागा आणि तो घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. लेखी मागितल्यावर बहुतेक ठिकाणी नाव त्याच दिवशी पटावर चढतं.